बावीस साड्यांचं म्हैसूर

कुठल्याही गावाची किंमत साड्यांत सांगणारा माणूस माझ्या आयुष्यात मी एकच बघितला. त्याचं नाव नागाप्पा. सीमेवरच्या पण कर्नाटकातल्या आमच्या वडगावात, गल्लीच्या तोंडाला त्याचं घर. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत तो आणि त्याचं एक जुनं कॅलेंडर. कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूला तो गावांची नावं लिहायचा आणि प्रत्येक गावापुढं एक आकडा. आकडा रुपयांचा नसायचा.

परवा सुनेनं मोबाइलवर मला एक जाहिरात दाखवली. चार रात्री, पाच दिवस, डोंगर, धुकं, सकाळचा नाश्ता फुकट. म्हणाली, "आप्पा, लई स्वस्त हाय बघा."

मी म्हणालो, "नाश्ता फुकट म्हंजे कशात घातलाय त्यो? खोलीत का गाडीत?"

ती हसली. मला मात्र बोलून गेल्यावर कळलं की हे बोलणं माझं नव्हे, नागाप्पाचं. फुकट म्हणजे कशात तरी घातलेलं, हे तो इतक्यांदा म्हणायचा की माझ्या तोंडात ते कधी येऊन बसलं मला ठाऊक नाही. माझ्या तोंडात दुसऱ्याचं बोलणं बसलेलं मला चालत नाही. म्हणून म्हटलं, एकदा लिहून टाकू. मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर मोठं येतं, कागद जास्त लागतो. त्याच्याबद्दल चांगलं लिहायला बसलोय असं मात्र कुणी समजू नये. त्याच्यावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

आमची गल्ली सगळी विणकरांची. चाळीसभर घरं. कुणाचे स्वतःचे आठ माग, तर कुणी माझ्यासारखा दोन मागांवर सावकाराचं सूत आणून मजुरीनं साडी विणणारा. अमावस्येला आमचे माग बंद. त्या दिवशी गल्लीत इतकी शांतता होते की नव्या माणसाला कुणीतरी गेलंय की काय असं वाटतं. वर्षातली एक ट्रिप ठरायची ती अशाच अमावस्येला, दिवाळीनंतरच्या, मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर. निघायचं संक्रांतीनंतर. नागाप्पा मधोमध बसायचा, पुढ्यात ते कॅलेंडर पालथं.

"महाबळेश्वर," कुणीतरी म्हणायचं.

"सत्तावीस साड्या," नागाप्पा कॅलेंडरकडं न बघता म्हणायचा. "काय हाय तिथं?"

"थंडी हाय की. धुकं हाय."

"थंडी पौषात तुझ्या छपरातनं रोज आत येतीय. तिला कवा सत्तावीस साड्या दिलास?"

लोक हसायचे. मग दुसरा कुणी धीर करून म्हणायचा, "गोवा?"

"गोवा सोळा. पण तू संगं असलास तर चाळीस. तुझं मला ठावं हाय."

साडी म्हणजे दुकानातली साडी नव्हे. एक साडी विणून दिली की जी मजुरी हातात पडते, ती त्याची एक साडी. म्हैसूर बावीस साड्या म्हणजे बावीस साड्यांच्या मजुरीत एका माणसाचं म्हैसूर, जाऊन येऊन, खाऊन पिऊन. रुपये सांगितले तर माणूस उधळायला बघतो, साडी म्हटली की खांदा दुखायला लागतो आणि मग नीट विचार करतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचं ते एक खरं होतं. हंपी दहा साड्या म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढं मागावरचा धोटा दहा साड्यांभर इकडून तिकडं पळायचा आणि मग मी मनात म्हणायचो, दगड बघायला दहा साड्या? पण जोगचा धबधबा बारा म्हटल्यावर बारा जास्त वाटायच्या नाहीत. पाणी बघायला तिकीट नाही, पाणी थकत नाही, आणि आपण कितीही वेळ उभं राहिलो तरी कुणी चला म्हणत नाही. हाही त्याचाच हिशोब.

डोंगरावर त्याचा भारी राग. "डोंगर म्हंजे वर जायला जीप, खाली यायला जीप, आणि वर गेल्यावर कळतंय की बघायचं होतं ते खालीच हाय."

गाव नक्की करायच्या आधी तो स्वतः एकटा जाऊन बघून यायचा. साध्या सरकारी बसनं जायचा, दोन दिवसांत परत. लॉजवर गेला तर पुढच्या दारानं कधी आत शिरायचा नाही. आधी मागच्या बाजूला जाऊन धुणं कुठं वाळत घातलंय, पाणी कुठून येतंय, भांडी कुठं घासतात ते बघायचा. आपल्याकडची माणसं दोन भाषा बोलतात, पण नागाप्पा त्या दोन भाषा दोन खिशांत ठेवल्यासारख्या वापरायचा. महाराष्ट्रात गेला की आधी कन्नडमधून दर विचारायचा, कर्नाटकात आधी मराठीतून. म्हणजे परक्याला काय सांगतात ते कळायचं. तासाभरानं तिथल्या भाषेत परत विचारायचा. गोव्यात मात्र गप्प. म्हणायचा, तिथं कुठल्याबी भाषेत इचारलं तरी तेवढंच सांगत्यात.

हे सगळं ठीक. पण एकटा माणूस एकटाच जाऊन काय ठरवून येतो याला साक्षीदार कोण? मला ते खटकायचं. गल्लीत बाकी कुणाला खटकायचं नाही, त्याचंही मला नवल वाटायचं. एका वर्षी मी म्हणालो, "नागाप्पा, ह्या टायमाला मी बी येणार."

"ये की. तुझं तिकीट तू काढ."

कारवारच्या पुढं समुद्राकाठी एक गाव होतं. लॉजच्या काउंटरवर एक चष्मेवाला माणूस बसलेला. नागाप्पानं मराठीतून विचारलं. त्यानं माणशी एक दर सांगितला. बरं म्हणून आम्ही बाहेर आलो. नागाप्पा मागच्या अंगणात गेला. तिथं एक बाई चादरी पिळत होती. तिच्याशी तो कन्नडमध्ये असा बोलायला लागला जसं काही तिच्या माहेरचाच. पाच मिनिटांत त्याला कळलं की चादरींचा एकच जोड आहे, रोज धुतात आणि ओल्याच घालतात, आणि गेल्या आठवड्यात हुबळीच्या लोकांना ह्याच खोल्या निम्म्या दरात दिल्या होत्या.

मग तो परत काउंटरवर गेला आणि कन्नडमधून नव्यानं दर विचारला. चष्मेवाल्यानं चष्मा वर केला. "तुम्ही मघाशी येऊन गेलात ना?"

"त्यो माझा भाऊ."

"शर्ट तर हाच होता."

"विणकराचं घर हाय साहेब. एकाच कापडात दोघांचं शिवतोय."

सांगताना त्याच्या तोंडावरची रेघ हलली नाही. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो, नाहीतर हसू फुटलं असतं. दर निम्म्यावर आला, वर कोरड्या चादरी द्यायचं कबूल करून घेतलं. तरी ते गाव त्यानं शेवटी घेतलं नाहीच. कॅलेंडरवर त्याच्यापुढं फुली मारली. मी कारण विचारलं तर म्हणाला, "खोटं बोलून दर मिळाला न्हवं, म्हंजे खरा दर अजून खालीच असणार."

परतीच्या बसमध्ये मी त्याच्याशेजारी बसलो होतो. तो झोपला. मला झोप आली नाही. इतकं सरळ तोंड करून लॉजवाल्याला खोटं सांगणारा माणूस आपल्याला खरं कशावरून सांगत असेल, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं ते शिरलंच.

त्याची पैसे गोळा करायची रीत बघा. तो अमावस्येला कधी यायचा नाही. माग चालू असताना यायचा. आठ-दहा घरांचे माग एकदम चालत असले की आमच्या गल्लीत शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. अशा वेळी तो आत येऊन तुमच्या कानाला तोंड लावायचा, "भरमा, माणशी बावीस साड्या," आणि हात पुढं करायचा. मी मोजून द्यायचो. मोजल्यावर तो न मोजता खिशात घालायचा आणि पुढच्या घरात. मी एकदा विचारलं, शांततेत का येत नाहीस? म्हणाला, "माग बंद असला की माणूस लई बोलतंय."

संशय यायला आणखी काय लागतं?

पण ट्रिप चांगली करायचा, हे खोटं बोलायचं नाही. म्हैसूरला आम्ही गेलो ते माझ्या बायकोनं, पारूनं, अजून तोंडपाठ ठेवलंय. पन्नास माणसं, एक बस, टपावर भांडी आणि तांदूळ, वाटेत झाडाखाली चूल. पारू कधी काही मागत नाही, पण बसमध्ये खिडकीची जागा मात्र ती कुणाला देत नाही. सबंध रस्ता ती काचेला नाक लावून बसली होती. राजवाड्यात एक मोठं चित्र होतं, एक राणी जरीची साडी नेसून उभी. सगळ्या बायका चित्राकडं बघत होत्या, पारू साडीकडं. मग म्हणाली, "चित्र काढणाऱ्यानं काठ उलटा लावलाय." आमच्या गल्लीच्या सगळ्या बायका जवळ जाऊन बघायला लागल्या, तर तिथला पहारेकरी धावत आला. पुढं वर्षभर मागावर बसल्या बसल्या तिला ते आठवलं की ती एकटीच हसायची. बाईमाणसाला वर्षात चार दिवस मिळाले तर ती उरलेलं वर्ष कशी काढते ते मी तिच्यावरनंच बघितलंय.

नागाप्पा राजवाड्यात आला नव्हता. बाहेर पन्नास माणसांच्या चपला राखत बसला होता. मी विचारलं, "तू का न्हाय आलास?"

"बगून गेलोय की मी. आधी आलतो तवा."

"तवा तिकीट कुणाच्या पैशातनं काढलंस?"

त्यानं माझ्याकडं वर बघितलं. "भरमा, तुला राजवाडा बगायचाय का माझं तिकीट?"

बाजूच्या दोघांनी ऐकलं आणि ते मोठ्यानं हसले. ते हसणं मी विसरलो नाही.

पुढच्या वर्षी गोकर्ण, चौदा साड्या. त्याच्या पुढच्या वर्षी परत म्हैसूर ठरलं, बायकांनी हट्ट धरला म्हणून. दर तोच, बावीस साड्या. तोवर लेकीचं लग्न झालं होतं. जावई बोरगावचे, दत्ता नावाचे. त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, चांगलं चालणारं. लेक म्हणाली, आम्हीपण येतो. नागाप्पाला सांगितलं. तो म्हणाला, येऊ देत की.

निघायच्या आठवडाभर आधी दत्ता जेवायला आले होते. जेवता जेवता म्हणाले, "मामा, तुमचा नागाप्पा माणूस गंमतशीर हाय. मला म्हणाला, तुमास्नी साडी न्हाय, तुमची साडी कितीची धरू? दिवसाला किती सुटतंय? मी सांगितलं. मग म्हणाला, तुमची दीडशेची धरू. बावीसाचे माणशी तेहतीसशे घेतले."

माझा घास हातातच राहिला. माझ्या साध्या साडीला सावकार सत्तर देत होता. बावीसाचे मी माणशी पंधराशे चाळीस दिले होते. बस एक, जेवण एक, खोली एक. मग जावयाकडनं दुपटीच्या वर?

त्याच रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी मी गल्लीत फिरायला लागलो. आमच्यात आपल्या मजुरीचा खरा आकडा कुणी कुणाला सांगत नाही. सावकारच प्रत्येकाला वेगळा देतो आणि वर म्हणतो, बाहेर बोलू नको. त्यामुळं इतकी वर्षं एकमेकांना विचारलं तरी सगळे बावीसच सांगायचे आणि सगळ्यांचं समाधान. मी रुपये विचारले. घरागणिक वेगळे. बुट्ट्याची साडी विणणाऱ्याचे जास्त. आठ मागांचा मालक बाबूराव, त्याचे तर सगळ्यात जास्त. सगळ्यात कमी अकरा घरांचे, आणि त्या अकरात आमचं एक. पण हे शेवटचं माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, वरचे पैसे हा खातोय.

त्या वर्षी ट्रिप होऊ दिली. लेक-जावयाचा पहिला प्रवास, त्यात विघ्न नको. आल्यावर जी अमावस्या आली त्या दिवशी कट्ट्यावर मी कागद घेऊन उभा राहिलो.

"नागाप्पा, बसमधल्या एका माणसाचा दर किती?"

"बावीस साड्या."

"रुपयात सांग."

"रुपयात ज्याच्या त्याच्या मागावर."

"म्हंजे ह्याला एक, त्याला एक?"

"सगळ्यांस्नी बावीस. कुणाला एकवीस न्हाय, कुणाला तेवीस न्हाय. तुझा खांदा बावीस साड्या दुखला, बाबूरावाच्या मागावरच्या बी बावीसच गेल्या. आणि कसा सारखा करायचा रं?"

"मग वरचे पैसे कुठं जात्यात?"

त्यानं कॅलेंडर उलटं करून बाबूरावाच्या मांडीवर ठेवलं. बाबूराव मॅट्रिक झालेला. त्यानं मोठ्यानं वाचलं. बस, परवाना, तांदूळ, तेल, खोल्या, तिकिटं, आचारी. बेरीज केली, परत केली. सगळ्यांचे मिळून जेवढे आले होते तेवढेच गेले होते. चाळीस रुपये उरले होते, त्याचे नारळ फोडले असं खाली लिहिलं होतं. बसवाल्यानं त्याला काही सूट दिली असेल ती त्यात लिहिलेली नव्हती, आणि त्याबद्दलचा माझा संशय आजही तसाच आहे. पण पैसे खाल्ले असं म्हणायला जागा नव्हती.

मी खाली बसायला हवं होतं. तेवढ्यात बाबूराव कॅलेंडर खाली ठेवून म्हणाला, "म्हंजे इतकी वर्सं माझ्या पैशावर ह्यो भरमा म्हैसूर बघतोय व्हय?"

गल्लीसमोर म्हणाला. बायका देवळाच्या आत बसल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. मी कुणाचा चहा फुकट प्यालेला माणूस नाही. माझ्या बापानं पुरात माग गेला तेव्हासुद्धा कुणापुढं हात पसरला नव्हता. मी म्हणालो, "मला कुणाचं नको. एका बसला एकच दर लावा. रुपयात."

नागाप्पा माझ्याजवळ आला आणि हळू बोलला. माग बंद होते, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. "एकच दर लावला तर अकरा घरं घरातच बसणार. तुझं धरून."

"माझं धरू नको."

"भरमा, इचार कर. गल्ली जातीय ती सगळी जातीय म्हणून ट्रिप हाय. निम्मी गेली तर ती कुणाचीबी बस हाय."

"तू आमास्नी न सांगता भीक घातलास."

"भीक न्हवं रं ती. बस खाली."

"न्हाय बसत."

बाबूराव म्हणाला, हात वर करा. एकच दर पाहिजे त्यांनी. आणि आता सांगतो ते कुणाला पटणार नाही, पण झालं ते असं. सगळ्यात आधी हात वर गेले ते आमच्या अकरा घरांचे. ज्यांचं नुकसान होणार त्यांचेच. बाबूरावाच्या बाजूचे लोक अजून एकमेकांकडं बघत होते, तोवर आमचे अकरा हात वर. कुणाच्या मेहेरबानीवर बसमध्ये बसलो होतो हे कळल्यावर कुणाचा हात खाली राहील? माझा सगळ्यात वर होता.

नागाप्पानं ते हात बघितले. मग कॅलेंडरची सुरळी केली. "बरं," म्हणाला. "तर मग मला ह्यात धरू नका." आणि कट्ट्यावरनं उतरून घरी गेला. जाताना चप्पल घालायला विसरला. परत आला, घातली, आणि कुणाकडं न बघता गेला.

पुढचं वर्ष ट्रिपेशिवाय तसंच गेलं. त्यानंतरच्या वर्षी बाबूरावानं मोबाइलवर बघून उटी ठरवली. माणशी पाच हजार, सगळ्यांना सारखे. कुणी आधी जाऊन बघून आलं नाही, फोटो बघितले. पंचवीस सीटची गाडी पुरली.

मी जाणार असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. दोन अमावस्या मी माग चालवला. आमच्यात कुणी चालवत नाही, सगळ्या गल्लीनं ऐकलं. तरी जमले ते पाच हजारच. एका माणसाचे. पारू त्या दिवसांत धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून देत होती. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी तू जा."

ती मान वर न करता म्हणाली, "तुमीच जावा. मान तुमचा हाय, सीट बी तुमचीच."

नागाप्पाला मी शेवटचं बघितलं ते त्या उटीच्या सकाळी. आम्ही परत यायच्या आतच त्याचा थोरला मुलगा त्याला धारवाडला घेऊन गेला, आणि पुढं वर्षभरात तो तिथंच वारला. मी गेलो नाही. निरोप वेळेवर आला नाही हे खरं, पण आला असता तरी गेलो असतो की नाही हे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

त्या सकाळी सहाला गाडी गल्लीच्या तोंडाला उभी होती. मी पूर्ण दर भरलेला, त्यामुळं खिडकीला बसलो, पुढून दुसऱ्या रांगेत. शेजारी बाबूराव. त्यानं लगेच शाल डोक्यावरनं घेतली. नागाप्पाच्या घराचं दार उघडं होतं. मला वाटलं आम्हाला बघायला बाहेर आला असेल. पण तो आमच्याकडं बघतच नव्हता. समोरच्या बाजूला, शहरात जाणाऱ्या बसच्या थांब्यावर, तो उभा होता आणि त्याच्याभोवती आमच्या अकरा घरांच्या बायका. प्रत्येकीच्या हातात पिशवी. तो एकेकीकडं बोट करून काहीतरी मोजत होता.

बायकांना कर्नाटकात सरकारी बस फुकट झालेली होती, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. कुठंही चढा, कुठंही उतरा. त्या सगळ्या घोळक्यात तिकीट लागणार होतं ते एकट्या नागाप्पाला.

आणि त्यात पारू होती. रात्री मला भाकरी बांधून देताना ती एका शब्दानं बोलली नव्हती. लेकीनं दिलेली नवी साडी नेसली होती, तीही मला न दाखवता.

मी काच सरकवायला गेलो. ती बसवलेली होती, सरकत नव्हती. मी काचेवर बोटं वाजवली. बाबूराव शालीतनं म्हणाला, "काय रं?" मी म्हणालो, "काय न्हाय." आमची गाडी सुटली. वळण घेताना ती थांब्याच्या अगदी जवळनं गेली. नागाप्पानं मान वर केली, मला बघितलं, आणि मग पारूकडं वळून काहीतरी म्हणाला. दोन-चार शब्दच असतील. पारू हसली. तोंडाला पदर लावून, वाकून हसली.

चार दिवसांनी मी परत आलो. ती घरी होती, माग चालू होता, तोंड उन्हानं काळवंडलेलं. मी विचारलं, "कुठं गेलतीस?"

"तुमच्या उटीचं सांगा की आधी."

मी सांगितलं. थंडी होती, धुकं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि परत मागाकडं वळली. कुठं गेल्या होत्या ते त्या अकराजणींपैकी एकीनंही आजवर सांगितलेलं नाही. ते मी सोडून दिलं. पण त्या सकाळी नागाप्पा माझ्याकडं बघून तिला काय म्हणाला, हे मी अजून विचारतो. कधी जेवताना, कधी झोपायच्या आधी.

"इसरले बघा," ती म्हणते. आणि म्हणताना परत हसते.